हळदीच्या रंगाचं घड्याळ आणि स्कायलॅब

पत्र

आदरणीय काका, माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात चाळीस वर्षं केरळात कालिकतला होते. गेल्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर त्यांची ट्रंक उघडली, तर धोतराच्या घडीत पिवळ्या डायलचं एक जपानी सेइको घड्याळ निघालं. आजीने ते हातात घेऊन जरा हलवलं आणि ते टिकटिकायला लागलं. चावी फिरवली तर मात्र काही होत नाही. मी फोटो ऑनलाइन टाकला. जुनी घड्याळं घेणाऱ्या एकाने लगेच कळवलं की हेच घड्याळ अंतराळात गेलेलं आहे, प्रमाणपत्रासकट विकून देतो, फक्त आधी पॉलिश करून डायल नवी करून घ्या. धाकटे चुलते तयार आहेत, आजी काहीच बोलत नाही. हे खरंच अंतराळात गेलेलं आहे का? खरं-खोटं ओळखायचं कसं? चार फोटो सोबत पाठवते.

तात्यांची नात, विटा

उत्तर

तात्यांच्या नातीस, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, आणि चारही फोटो मोठे करून दोन-तीनदा बघितले. तातडीचं आधी सांगतो. घड्याळ पॉलिशला देऊ नकोस. डायलला कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि ‘दोन दिवस ठेवून जा, बघून सांगतो’ म्हणणाऱ्या कुणाकडे ते ठेवून येऊ नकोस. चुलत्यांना एवढं तरी आजच वाचून दाखव. बाकी सगळं सवडीने करता येईल, पण या तिन्हींतलं एक जरी झालं, तर ते परत फिरवता येत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. तुझं घड्याळ अंतराळात गेलेलं नाही. मी हे अंदाजाने म्हणत नाही, तुझ्या तिसऱ्या फोटोत, मागच्या झाकणावर, ते कोरलेलंच आहे. तिथे ६१३९-६००२ असा आकडा आहे. ६१३९ हे आतल्या मशिनचं नाव आणि ६००२ हे बॉडीचं. त्याखेरीज एक सहा आकडी नंबर आहे, तो ४२ ने सुरू होतो. त्या काळातल्या सेइकोच्या नंबरात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा. ६१३९ हे मशिन १९६९ मध्ये आलं आणि सत्तरच्या दशकातच चाललं, त्यामुळे तो ४ म्हणजे १९७४ च. पुढचा २ म्हणजे फेब्रुवारी. तुझं घड्याळ फेब्रुवारी १९७४ चं आहे.

ज्या घड्याळाची गोष्ट तो खरेदीदार सांगतोय, ते विल्यम पोग या अमेरिकन अंतराळवीराचं. पोग, जेराल्ड कार आणि एडवर्ड गिब्सन हे तिघे १६ नोव्हेंबर १९७३ ला स्कायलॅब या अंतराळस्थानकाकडे निघाले, ८४ दिवस वर राहिले आणि ८ फेब्रुवारी १९७४ ला उतरले. म्हणजे ते घड्याळ पृथ्वीभोवती घिरट्या घालून परत येत होतं, तेव्हा तुझं घड्याळ जपानच्या कारखान्यात जेमतेम आकाराला येत होतं. एवढा हिशेब तो माणूसही करू शकला असता. त्याने केला नाही, किंवा केला आणि तुला सांगितला नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्याच्या प्रमाणपत्राची किंमत काय, ते तूच ठरव.

तरीही ती गोष्ट तुला पूर्ण माहीत असावी असं मला वाटतं, कारण तुझ्या घड्याळाचा तिच्याशी संबंध आहेच. नासाने १९६५ मध्ये बऱ्याच चाचण्या घेऊन ओमेगा कंपनीचं स्पीडमास्टर घड्याळ अंतराळवीरांसाठी मंजूर केलं होतं. पोग यांना ते सरकारी ओमेगा सरावाच्या वेळी लवकर मिळालं नाही. म्हणून त्यांनी हवाई दलाच्या तळावरच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने, ७१ डॉलरना, हे पिवळं सेइको घेतलं आणि इंजिन किती सेकंद पेटवायचं याचा सराव त्यावर केला. त्याची सवय झाली. उड्डाणाच्या वेळी ओमेगा हातात आलं होतं, तरी सेइको त्यांनी पोशाखाच्या खिशात घालून वर नेलं. त्याला कुणाची मंजुरी नव्हती, म्हणून त्याचा फारसा बोलबालाही झाला नाही. पुढे तीसेक वर्षांनी संग्राहकांना स्कायलॅबमधल्या फोटोंत पोग यांच्या मनगटावर पिवळं काहीतरी दिसलं, त्यांनी पोग यांनाच विचारलं आणि त्यांनी होकार दिला. तोवर अंतराळात गेलेलं पहिलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं आपोआप चावी बसणारं घड्याळ, म्हणून १९८५ च्या मोहिमेतल्या एका जर्मन घड्याळाचं नाव घेतलं जायचं. तो मान मग मागे, या सेइकोकडे आला. संग्राहक आता या पिवळ्या मॉडेललाच ‘पोग’ म्हणतात.

ऑटोमॅटिक घड्याळ वर चालेल का, अशी तेव्हा शंका होती. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंगला चावी बसते. वजनच जाणवत नाही तिथे ते फिरणार कसं? पण त्या तुकड्याचं वजन जाणवलं नाही तरी त्याचं जडत्व कुठे जात नाही. मनगट वळतं तेव्हा घड्याळाची बॉडी वळते आणि तो तुकडा मागे रेंगाळतो, तेवढ्याने काम होतं. आजीच्या हातात जे झालं, तेच तिथे होत होतं.

आणि स्कायलॅब म्हटलं की आपल्या भागातल्या पन्नाशी-साठीच्या माणसाला वेगळंच आठवतं. जुलै १९७९. मी मिरजेत शाळेत होतो. स्कायलॅब पडणार, कुठे पडेल सांगता येत नाही, हे रोज रेडिओवर. आमच्या गल्लीत एका घरी राखून ठेवलेला कोंबडा त्या आठवड्यात कापला, उद्याचं काय माहीत म्हणून. आई आम्हाला अंगणात झोपू देईना. शेवटी ११ जुलैला त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. आजीला विचार, त्या दिवसांत तात्या कुठे होते. कदाचित हेच घड्याळ मनगटावर बांधून तेही वर आभाळाकडे बघत असतील.

आता खरं-खोटं ओळखण्याकडे येऊ. ‘हे घड्याळ अस्सल आहे का’ या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले असतात, आणि विकणारे ते मुद्दाम मिसळतात. वस्तू मुळातली आहे का, हा एक. ती कुणाच्या हातावर होती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घड्याळ देतं. दुसऱ्याचं उत्तर घड्याळ कधीच देत नाही, ते कागद, फोटो आणि माणसं देतात.

दुसऱ्या प्रश्नाचं वजन किती असतं, त्याचं एक उदाहरण देतो. १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट चंद्रावर उतरले. दुसऱ्या फेरीत त्यांच्या ओमेगाची काच निखळली, म्हणून तिसऱ्या फेरीला त्यांनी सोबत आणलेलं स्वतःचं बुलोव्हा कंपनीचं घड्याळ बांधलं. ते घड्याळ २०१५ मध्ये लिलावात १६ लाख डॉलरच्या वर गेलं. ते पैसे बुलोव्हा या नावाला मिळाले नाहीत. ज्याच्या हातावर ते होतं त्या माणसाने स्वतः सही करून दिली, चंद्रावरचे फोटो होते, आणि पहिल्या दिवसापासून ते त्याच्याकडेच होतं. साखळीची एकही कडी तुटलेली नव्हती. पोग यांचं सेइको २००८ मध्ये लिलावात विकलं गेलं, तेही त्यांनी स्वतः दिलेलं होतं म्हणून. त्या कारखान्यातून बाहेर पडलेली बाकीची पिवळी घड्याळं ही त्या एका घड्याळाची भावंडं. तुझं त्यातलंच एक. भावाच्या नावावर दुसऱ्या भावाला पेन्शन मिळत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी मात्र तुझ्या फोटोंनी मला बरंच काही दिलं.

सगळ्यात महत्त्वाची डायल. या मॉडेलची सगळ्यात जास्त नक्कल तिचीच होते, आणि आपल्या देशात तर जुन्या डायलवर रंग देऊन, छापून, चकाचक करून विकायचा मोठा उद्योगच आहे. सांगलीच्या बाजारात हळद बघणारा माणूस काय करतो, तू पाहिलं असशील. ड्रममध्ये घासून पॉलिश केलेलं हळकुंड बाहेरून सगळं सारखंच दिसतं. तो ते मोडतो आणि आतला रंग बघतो. डायल मोडता येत नाही, पण उजेडात तिरकी करता येते. मूळ डायलचा पिवळा रंग एकसारखा नसतो. मधून कडेकडे किरणांसारख्या बारीक रेषा असतात, त्यामुळे घड्याळ फिरवलं की तो कधी लिंबासारखा, कधी सोन्यासारखा, कधी जुन्या हळदीसारखा दिसतो. तुझ्या पहिल्या आणि चौथ्या फोटोत रंग वेगळा दिसतोय, बघ. हा फोटोचा दोष नाही, हीच चांगली खूण आहे. रंगवलेली डायल कुठूनही धरा, भिंतीच्या ऑइलपेंटसारखी तशीच राहते.

मग भिंग घे. दहापट मोठं दाखवणारं भिंग साध्या दुकानातही मिळतं. ‘सेइको’ ही अक्षरं धातूची, वेगळी बसवलेली आहेत का, तासांच्या खुणा वरून बसवलेल्या आहेत का, ते बघ. खालच्या बारीक छपाईच्या कडा सुरीने कापल्यासारख्या हव्यात. नव्याने छापलेल्यात शाई फुगते, अक्षरं लठ्ठ होतात. सहाच्या आकड्याखाली, काचेच्या अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत एक कोड असतो. तो ६१३९ ने सुरू होऊन टी या अक्षराने संपायला हवा. तुझ्या दुसऱ्या फोटोत तो अर्धवट दिसतो, पण आहे. आणखी एक युक्ती लक्षात ठेव, दुसरं एखादं घड्याळ बघायची वेळ आली तर उपयोगी पडेल. सुरुवातीच्या डायलवर ‘वॉटर ७० एम प्रूफ’ असं असायचं, १९७०-७१ च्या सुमारास ‘प्रूफ’ जाऊन ‘रेझिस्ट’ आलं. मागच्या झाकणावर १९७४ आणि पुढे डायलवर ‘प्रूफ’ अशी जोडी दिसली, तर दोन घड्याळांचं एक केलंय असं समजावं. तुझ्या डायलवर तसं काही नाही.

सगळंच मूळचं आहे असं नाही, हेही सांगतो. मधला लांब, सेकंदाचा काटा तुझ्या घड्याळात पांढरा आहे, या मॉडेलला तो लाल असतो. कधीतरी बदललाय. आणि तू लिहितेस की चावी फिरवली तरी काही होत नाही. या घड्याळाला हाताने चावी बसतच नाही, ते हलवूनच चालतं. चावी फिरवल्यावर आतली पिवळी कडी फिरायला हवी. तिचे दाते झिजले असणार, हा दोष यांच्यात नेहमीचा आहे. जोर लावू नकोस. चावी अर्धी दाबली की तारीख आणि पूर्ण दाबली की वार बदलतो, तेवढं हलक्या हाताने करून बघ. वार इंग्रजी आणि अरबी असा आलटून-पालटून दिसला तर मला नवल वाटणार नाही. आखातातल्या बाजारासाठी सेइको तशा चकत्या बसवायची, आणि कालिकतला त्या काळात आखातातून येणाऱ्या माणसांचीच वर्दळ होती. परदेशी घड्याळ आपल्याकडे सरळ दुकानात मिळायचं नाही, ते कुणाच्या तरी सामानातून यायचं. सोनं गाळून घ्यायला येणाऱ्या एखाद्या माणसाकडून तात्यांनी ते घेतलं असणं अगदी शक्य आहे. बिल नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. त्या घड्याळांची बिलं नसायचीच.

बदललेल्या काट्याने घड्याळ खोटं ठरतं का? मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांकडे लहानपणापासून माझं जाणं-येणं. तारा बदलतात, खुंट्या बदलतात, घोडी घासून जवारी पुन्हा काढतात, आणि तंबोरा तोच राहतो. पण भोपळा बदलला की कुणीही कारागीर म्हणेल, हे आता वेगळं वाद्य झालं. काच, पट्टा, आतलं रबर, अगदी तो काटासुद्धा, या तुझ्या घड्याळाच्या तारा. डायल हा भोपळा.

आणि म्हणूनच चुलत्यांच्या बेताला माझा एवढा विरोध आहे. हे मी भोगलेलं आहे. माझ्या वडिलांचं एचएमटी जनता होतं, डायलवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं. तीनच्या आकड्यापाशी पाणी शिरून एक तपकिरी डाग पडला होता, आणि खालचा अर्धा भाग उन्हाने पिवळट झाला होता. त्यांच्या साठीला त्यांना खूश करावं म्हणून मी ते एका दुकानात दिलं. दुकानदार म्हणाला, नवंकोरं करून देतो. आठ दिवसांनी आणलं. पांढरंशुभ्र, काळी ठळक अक्षरं. वडिलांनी हातात घेतलं, उलटसुलट केलं, कानाला लावलं आणि मला विचारलं, “हे कुणाचं?” मी म्हटलं, तुमचंच. ते काही बोलले नाहीत, बांधलं मात्र पुन्हा कधी नाही. मी दुसऱ्या दिवशी जुनी डायल मागायला गेलो. ती घासूनच तिच्यावर नवी छपाई केली होती, त्यामुळे परत मिळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो डाग कशाचा होता, हे त्यांना विचारायचंही माझ्याकडून राहून गेलं.

तुझ्या डायलवर दोनच्या बाजूला जो करडा ठिपका आहे, तो राहू दे. बॉडीच्या कडेला घासल्याच्या रेषा आहेत, त्याही राहू देत. पॉलिशच्या चाकावर आधी त्या धारदार कडा जातात, आणि जाणकार खरेदीदार सगळ्यात आधी त्याच कडा बघतो. चुलत्यांना त्यांच्याच धंद्याच्या भाषेत समजाव. तात्यांचं काम होतं वस्तू मुशीत घालून तिचा आकार घालवायचा आणि शुद्ध धातू मिळवायचा. तिथे आकाराला मोल नव्हतं. इथे धातू साधं स्टील आहे, जे काही मोल आहे ते आकाराला आणि त्यावरच्या वर्षांना आहे.

किंमत मी सांगणार नाही. वस्तू हातात न घेता आकडा सांगणं बरं नव्हे, आणि घरात एकदा आकडा आला की बाकी सगळं बोलणं थांबतं. विकायचं की ठेवायचं हे तुम्ही सगळ्यांनी आजीला मध्ये बसवून ठरवा. ती गप्प आहे, म्हणजे तिचं काही म्हणणं नाही असं धरू नका. विकायचंच ठरलं, तर ‘१९७४ चं सेइको ६१३९-६००२, मूळ डायल, सेकंदाचा काटा बदललेला, एकाच घरात वापरलेलं’ एवढंच लिहून विका. ते खरं आहे आणि चांगला घेणारा त्यालाच भाव देतो. अंतराळाचं नाव घालून खोटं प्रमाणपत्र लावलं, तर पुढे फसवणूक तुमच्या घराच्या नावावर लागेल, त्या मध्यस्थाच्या नाही.

त्याआधी एक काम कर, आणि ते लवकर कर, कारण त्याला आजी लागणार आहे. तात्यांचे जुने फोटो काढ. लग्नकार्यातले, जत्रेतले, कालिकतच्या दुकानातले. डाव्या मनगटावर गोल, जाडसर घड्याळ दिसतंय का बघ. काळ्या-पांढऱ्या फोटोतही त्याच्या खालच्या अर्ध्या भागातलं छोटं वर्तुळ ओळखू येतं. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असेल तर तिचाही फोटो घे. मग आजीला विचार, ते कोणत्या साली आलं, कुणाकडून, किती दिले, कधी बंद पडलं. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिही, खाली तारीख घाल, तिची सही किंवा अंगठा घे. पोग यांच्या घड्याळाची ओळख पटली ती याच तीन गोष्टींवर, वस्तू, फोटो आणि माणसाचा शब्द. तुझ्याकडे तिन्ही अजून घरात आहेत.

सर्व्हिसिंग मात्र करून घे. आतलं तेल कधीच वाळलेलं असणार, आणि कोरडं मशिन चालवलं की झिजतं, म्हणून तोवर ते सारखं हलवून चालवत बसू नका. जुनी ऑटोमॅटिक सेइको स्वतः उघडलेला कारागीर शोध. त्याला आधीच विचार, ६१३९ याआधी केलंय का, आणि काटा-काच बदलली तर जुनं सामान परत देणार का. देण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढ, आणि शक्य असेल तर तो झाकण उघडतो तेव्हा समोर बस.

झाकणाची आतली बाजू नीट बघ. जुने घड्याळजी सुईसारख्या टोकाने तिथे बारीक काहीतरी कोरून ठेवायचे, दुरुस्तीची तारीख, स्वतःची खूण, गिऱ्हाईकाचा नंबर, म्हणजे पुन्हा आलं तर ओळखता यावं. दिवा तिरका धरून त्याचा फोटो काढ आणि मला पाठव. त्यात मल्याळी अक्षर दिसलं, तर ते वाचून देणारा माझा एक मित्र सांगलीत आहे.